पपनसाचा पेला आणि बडोद्याची गादी

इतिहासात काही घरे एका गुन्ह्यानेच ओळखली जातात. कानपूरचे बीबीघर म्हटले की १८५७ च्या जुलै महिन्यातील स्त्रिया-मुलांची कत्तल आठवते. कोट्याची रेसिडेन्सी म्हटली की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथे मारला गेलेला मेजर बर्टन आणि त्याचे दोन मुलगे आठवतात. या घरांत काय घडले याविषयी मतभेद नाही. वाद आहे तो ते का घडले आणि त्याला काय म्हणावे याविषयी. बडोद्याच्या छावणीतील रेसिडेन्सीची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. तेथे कोणीही मेले नाही. एका इंग्रज अधिकाऱ्याने पेल्यातून दोन-तीन घोट घेतले, त्याला मळमळले आणि त्याने उरलेला रस खिडकीबाहेर फेकून दिला. पण त्या पेल्यापासून सुरू झालेले प्रकरण पाच-साडेपाच महिन्यांत एका मराठा राजाला गादीवरून उतरवून थेट मद्रासेस घेऊन गेले. गुन्हा झाला की नाही, झाला असल्यास कोणी केला, याचा निर्विवाद निकाल मात्र लागला नाही.

इतिहासाच्या वर्गात मी हे प्रकरण मुद्दाम शिकवतो. सनावळ्या पाठ करण्यासाठी नव्हे, तर पुरावा कसा वाचावा हे समजण्यासाठी. विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'सर, मल्हाररावांनी खरोखरच विष घातले होते का?' प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो आरंभी विचारला तर प्रकरण हातचे जाते. आरंभ करावयाचा तो त्या घरातील एका खोलीपासून.

तत्पूर्वी थोडी पार्श्वभूमी. खंडेराव गायकवाड २८ नोव्हेंबर १८७० रोजी वारले. त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव हे खंडेरावांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८६३ पासून पाद्रा येथे अटकेत होते. ते अटकेतून निघाले ते सरळ गादीकडे. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली आणि मल्हाररावांचे आसन स्थिर झाले. पुढे त्यांनी भावाच्या माणसांवर जो सूड उगवला त्याचे समर्थन कोणी करू नये. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे तुरुंगातच मेले. भावाने चांदीच्या तोफा केल्या म्हणून याने सोन्याच्या ओतविल्या. शेतकऱ्यांकडून होणाऱ्या वसुलीच्या, सरदार-शिलेदारांची वतने बुडविल्याच्या तक्रारींचा ढीग पडला. मल्हाररावांविषयी पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांना त्या काळी जी सहानुभूती वाटली, ती त्यांच्या कारभाराविषयी नव्हती एवढे ध्यानात ठेवावे.

मार्च १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हा रेसिडेंट म्हणून बडोद्यास आला. प्रामाणिक पण अत्यंत हेकट असा हा गृहस्थ. मल्हाररावांविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकास रेसिडेन्सीचे दार मोकळे झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस सर रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखाली राज्यकारभाराची चौकशी झाली आणि जुलै १८७४ मध्ये हिंदुस्थान सरकारने मल्हाररावांस बजावले की, ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत कारभार सुधारा. मुदत जवळजवळ सतरा महिन्यांची होती. ही तारीख लक्षात असू द्यावी. सुधारणेसाठी महाराजांनी दिवाण म्हणून आणले ते दादाभाई नौरोजींना, आणि फेअरने त्यांनाही पहिल्यापासून विरोध केला. मे १८७४ मध्ये मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केले. ऑक्टोबरात मुलगा झाला. लग्न आणि जन्म यांतील अंतर पाच महिन्यांचे. हा विवाह व हा वारस मान्य करण्यास रेसिडेंट राजी नव्हता. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयांना खलिता धाडला : हा रेसिडेंट येथून हलवावा.

त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, सोमवार ९ नोव्हेंबर १८७४ रोजी, तो पेला आला.

आता खोलीकडे वळू. फेअर रोज सकाळी फिरावयास जाई. परत येईपर्यंत त्याच्या कचेरीच्या खोलीत, हात-तोंड धुण्याच्या मेजावर, पपनसाच्या रसाचा पेला ठेवलेला असे. रस करणारा खानसामा अब्दुल्ला. घरातला बटलर पेद्रो द सौझा, गोव्याचा, फेअरकडे अनेक वर्षे नोकरीस असलेला. खोलीच्या आत-बाहेर वावरणारे पट्टेवाले, त्यांचा हवालदार रावजी आणि जमादार नरसू. घरात आया होती, अमीना. म्हणजे पेला मेजावर ठेवल्यापासून साहेब परत येईपर्यंत त्या खोलीत जाण्याची मोकळीक निदान चार-पाच माणसांना होती, आणि ती सारी नोकरमाणसे होती. त्या खोलीशी महाराजांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. सोमवारी व गुरुवारी रेसिडेंटाच्या भेटीस येण्याच्या रिवाजाप्रमाणे ते त्या दिवशी सकाळी रेसिडेन्सीवर आले होते, एवढेच.

फेअरने दोन-तीन घोट घेतले. थोड्या वेळाने पोटात ढवळू लागले, डोके जड झाले, तोंडात तांब्यासारखी चव आली. रसातच काही दोष असेल असे समजून त्याने पेला खिडकीतून व्हरांड्यावर रिकामा केला; आणि पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सेवर्ड यांना बोलावणे गेले. त्यांनी गाळ तपासला, सोमल आढळला. उरलेला अंश मुंबईस सरकारी रसायनतज्ज्ञ डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. त्यांनाही सोमल आढळला. शिवाय काही कठीण, चकाकणारे कण आढळले. ती हिऱ्याची पूड असावी असे मत पडले.

येथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. सोमल हे बाजारातील विष. उंदरांसाठी, घोड्यांच्या खरजेसाठी ते घरोघर येई; कोणीही आणू शकला असता. हिऱ्याची पूड ही मात्र बाजारातील वस्तू नव्हे. हिरकणी गिळून जीव दिल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि त्या काळी हिरा हे जालीम विष आहे अशी सार्वत्रिक समजूत होती. वैद्यकाच्या दृष्टीने तीत फारसे तथ्य नाही. हिऱ्याची बारीक पूड बहुधा शरीरातून तशीच निघून जाते. तेव्हा मारण्यासाठी सोमल पुरेसा होता. हिऱ्याचे काम दुसरेच होते. तो पेल्यातून उठून सरळ राजवाड्याकडे बोट दाखवीत होता. हे बोट महाराजांच्या अडाणी समजुतीने तेथे ठेवले, की महाराजांना गुंतवू पाहणाऱ्या कोणी ठेवले, हा या प्रकरणाचा खरा गाभा आहे असे माझे मत आहे.

त्यातच आणखी एक गोष्ट उघड झाली. पृथक्करणाचा निकाल येण्यापूर्वीच फेअरला खासगी बातमी मिळाली होती की, विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे आहे. बातमी देणारा भाऊ पुणेकर, महाराजांच्या विरोधकांपैकी एक व रेसिडेन्सीवर नित्य येणारा. रसायनतज्ज्ञाला तांबे सापडले नाही. बाकीच्या दोन वस्तू सापडल्या. ज्याला पेल्यातील पदार्थ तपासणीआधी ठाऊक, त्याला ते कोठून कळले? महाराजांच्या वकिलाने या प्रश्नावर फार जोर दिला, आणि तो देण्यासारखाच होता.

सरकारने २५ नोव्हेंबरला फेअरला बदलण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ज्या माणसाला हलविण्यासाठी विष घातले म्हणतात, तो खलित्यानेच हलणार होता! त्याच्या जागी सर लुई पेली आले. मुंबईचे पोलीस कमिशनर सर फ्रँक सौटर तपासाला लागले आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात गाठी सुटू लागल्या. रावजीला पकडले, माफीचे वचन मिळताच त्याने कबुली दिली. आपण रात्री राजवाड्यात जात होतो, पैसे घेतले, महाराजांच्या सांगण्यावरून पुड्या आणल्या व पेल्यात टाकल्या, असे त्याने सांगितले. पुढे नरसूनेही कबुली दिली, पण त्याला माफीचे वचन नव्हते. नंतर त्याने रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी टाकली. लोकांनी त्याला वर काढले. या उडीचा अर्थ फिर्यादी पक्षाने पश्चात्ताप असा लावला. दडपणाखाली खोटे बोलणाऱ्या माणसाला तीच बुद्धी होणार नाही असे मात्र म्हणता येत नाही.

रावजीच्या पट्ट्याचे प्रकरण तर वर्गात नेहमी वाद माजवते. पुड्या कोठे ठेवीत होतास असे विचारता त्याने पट्ट्यात असे सांगितले. रावजी अटकेत गेल्यावर तो पट्टा दुसऱ्या पट्टेवाल्याच्या अंगावर आला होता. २५ डिसेंबरला मुंबईचे गुप्त पोलीस अधिकारी अकबर अली यांनी पट्टा चाचपला, आत कागद लागला, तेव्हा सौटरसाहेबांना बोलावून त्यांच्यासमक्ष पुडी काढली. आत सोमल. पुडी काढताना वरिष्ठ अधिकारी साक्षीदार आहे. पण ती तेथे आहे हे प्रथम कळले तेव्हा तो तेथे नव्हता. फरक अर्ध्या मिनिटाचा, पण पुराव्याच्या शास्त्रात हे अर्धे मिनिटच मोलाचे. १८७२ चा पुराव्याचा कायदा त्या वेळी दोन-अडीच वर्षांचा होता. पोलिसांपुढील कबुली पुरावा नव्हे. पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर त्या शोधाशी संबंधित तेवढे सांगणे ग्राह्य. साथीदाराची साक्ष महत्त्वाच्या बाबींत दुजोरा मिळाल्याशिवाय विश्वासास पात्र मानू नये. ही तत्त्वे त्या कायद्यात होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती चालू आहेत. बडोदे हे ब्रिटिश हद्दीत नव्हते आणि कमिशन म्हणजे न्यायालय नव्हे, ही गोष्ट खरी. तरीपण हीच मोजपट्टी हातात घेऊन हे प्रकरण वाचावे असे मी सुचवतो.

१४ जानेवारी १८७५ रोजी महाराजांना अटक झाली. राजाच पकडला गेल्यावर साक्षीदारांना कोणाची भीती उरली आणि कोणाची लागली, हेही ध्यानी घ्यावे. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत सुमारे पंधरवडा लष्करी पहाऱ्यात राहिले आणि मग माफीच्या वचनावर बोलले : सोमल नुरुद्दीन बोहऱ्याकडून घेतला, हिरे हेमचंद जवाहिऱ्याकडून, खर्च खासगीच्या हिशेबात वेगळ्याच नावाने टाकला. हिशेबाच्या कागदांवर शाई सांडून काही नोंदी पुसल्याचे आढळले. दुजोरा म्हणून याचे वजन मोठे दिसते. मात्र हेमचंद साक्षीला उभा राहिला आणि साफ उलटला. आपल्याकडून पोलिसांनी दडपणाखाली लिहवून घेतले असे त्याने सांगितले. आणि ज्याच्याकडून सोमल घेतला तो बोहरी? त्याला फिर्यादी पक्षाने साक्षीला बोलावलेच नाही. न आलेला साक्षीदारही काही सांगत असतो.

कमिशनपुढील सुनावणीस २३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्याच्या छावणीतच आरंभ झाला. अध्यक्ष कलकत्ता हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर रिचर्ड काऊच. सभासद ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह, सर रिचर्ड मीड, सर दिनकरराव राजवाडे आणि फिलिप मेल्व्हिल. तीन इंग्रज, तीन हिंदी. राजाचा न्याय राजांनी करावा या कल्पनेने ही योजना झाली. पण मीड हेच सुमारे वर्षभरापूर्वी मल्हाररावांच्या कारभाराची चौकशी करून प्रतिकूल अहवाल देऊन गेले होते, ही गोष्ट कोणासही खटकावी. सरकारतर्फे मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्कोबल, महाराजांतर्फे खास विलायतेहून आणलेले सार्जंट बॅलंटाइन. त्यांच्या मदतीस आपले शांताराम नारायण. (सार्जंट ही त्या काळी वरिष्ठ बॅरिस्टरांची पदवी होती, पलटणीतील हुद्दा नव्हे, दर वर्षी वर्गात हे सांगावे लागते.)

बॅलंटाइनचा युक्तिवाद थोडक्यात असा. रेसिडेन्सीतील नोकरांना महाराज पैसे देत, बातम्या काढीत, हे मान्य करू. तो त्या काळच्या दरबारांचा रिवाज होता. रेसिडेंटही राजवाड्यातील बातम्या काढीतच होता. पण बातमीसाठी पैसे देणे आणि खून करविणे यांत जे अंतर आहे ते केवळ तीन माणसांच्या शब्दांवर ओलांडलेले आहे : रावजी, नरसू, दामोदरपंत. तिघेही स्वतःच्या तोंडाने गुन्हेगार. त्यांतील दोघे माफीचे धनी. स्कोबल यांचे उत्तर दुबळे नव्हते. तिघेजण वेगवेगळ्या वेळी पकडले गेले, तरी त्यांची हकीकत जुळते. राजवाड्यातील रात्रीच्या भेटींना आयेच्या साक्षीचाही आधार आहे. हिशेबातील डाग कोणी उगाच पाडीत नाही. आणि नोकरांना स्वतःहून साहेबाला मारण्याचे कारण काय? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. भाऊ पुणेकराची बातमी आणि नोकरांचा निर्हेतुकपणा ही या प्रकरणाच्या तराजूतील दोन पारडी होत. महाराजांनी स्वतः लेखी निवेदन करून आरोप नाकारला.

मार्चअखेर कमिशनची मते सरकारकडे गेली. काऊच, मीड आणि मेल्व्हिल : विष देवविण्याचा आरोप सिद्ध. जयाजीराव शिंदे : सिद्ध नाही. रामसिंह : महाराज दोषी नाहीत. दिनकरराव : मुख्य आरोप सिद्ध नाही. तीन विरुद्ध तीन, आणि फूट नेमकी वर्णाच्या रेघेवर.

यावरून 'हिंदी राजे आपल्या जातभाईला सांभाळून घेणारच' असे तत्कालीन काही इंग्रजांनी म्हटले. मला हे पटत नाही, आणि त्यातही दिनकररावांच्या बाबतीत मुळीच नाही. देवरुखकडचा हा माणूस १८५७ मध्ये ग्वाल्हेरचा दिवाण होता आणि त्या वादळात त्याने इंग्रजांची बाजू सोडली नाही; 'सर' ही पदवी त्याची साक्ष आहे. राजा नव्हे, कारभारी. दरबारात नोकर कसे फोडतात, पैसे कसे फिरतात, अटकेतला माणूस काय काय कबूल करतो, हे कमिशनवरील इतर कोणाहूनही त्याला अधिक ठाऊक होते. अशा माणसाने नोकरांना फोडणे ही क्षुल्लक गोष्ट मानावी आणि विषप्रयोग सिद्ध नाही म्हणावे, या मताला मी भाबड्या पक्षपाताहून अधिक किंमत देतो. उलट काऊच यांचे मतही केवळ साहेबी अहंकार म्हणून झटकू नये. ज्या पद्धतीने ते साक्षी एकमेकींशी ताडून पाहतात ती पद्धत न्यायाधीशाचीच आहे. दोन्ही मते शेजारी ठेवून वाचावीत. पुराव्याचे तेच कागद, तेच साक्षीदार. फरक पडतो तो राजवाड्यातील आणि पोलीसचौकीतील माणूस कसा वागतो याविषयीच्या प्रत्येकाच्या अनुभवाने.

कमिशनच्या अहवालाचे पुढे काय होते, हे बेळगावकरांना मी सांगावयास नको! व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांना मल्हारराव दोषी वाटत होते. पण तीन-तीन अशा निकालावर, आणि तेही दोन नामांकित राजे विरुद्ध बाजूस असताना, राजाला विषप्रयोगी ठरविणे लंडनच्या सरकारला परवडणारे नव्हते. तेव्हा वाट निराळी काढली. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हाररावांस पदच्युत केले. कारण दिले ते त्यांचे कुप्रसिद्ध वर्तन, राज्याचा घोर गैरकारभार आणि सुधारणा करण्याची उघड असमर्थता. त्याच जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले की, हा निर्णय कमिशनच्या चौकशीवर आधारलेला नाही आणि त्या चौकशीने आरोप सिद्ध झाले असेही सरकारने गृहीत धरलेले नाही.

येथे त्या मघाच्या तारखेची आठवण करून देतो. कारभार सुधारण्यास दिलेली मुदत ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत होती. एप्रिलमध्ये तिचे आठ महिने शिल्लक होते. विषप्रयोगाचा आरोप नसता तर मुदत संपेपर्यंत थांबावे लागले असते. आरोप सिद्ध झाला असता तर मुदतीचा प्रश्नच नव्हता. आरोप झाला आणि सिद्ध झाला नाही, तेव्हा त्याने दार उघडले, आणि आत शिरताना नाव मात्र दुसरेच सांगितले. मल्हारराव गादीवर राहावयास लायक होते असे मी म्हणत नाही. गैरकारभाराचा आरोप खरा होता. पण तो जुलै १८७४ मध्येही तितकाच खरा होता, आणि तेव्हा त्याची शिक्षा मुदत ही ठरली होती.

एका बाबतीत मात्र डलहौसीचा काळ मागे पडला होता. राज्य खालसा झाले नाही. जमनाबाईंना दत्तकाची परवानगी मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा मुलगा २७ मे १८७५ रोजी सयाजीराव गायकवाड झाला. दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले. ज्या राजवटीत पुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले, ग्रंथालयांचे जाळे पसरले, ती राजवट त्या पपनसाच्या पेल्यावाचून आली नसती, हाही इतिहासच.

मल्हाररावांना २२ एप्रिलच्या रात्री खास आगगाडीने बडोद्याहून हलविले. पुन्हा त्यांच्यावर खटला झाला नाही, म्हणून सुटकाही झाली नाही. १८८२ मध्ये ते मद्रासेस वारले.